स्वप्नात अम्मी आली... मतलब काय, आणि आपण करायचं काय?

"मौलाना साहेब, रात को अम्मी ख्वाब में आई थी."

फजरच्या नमाजनंतर मशिदीच्या वऱ्हांड्यात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजता येणार नाही. बोलणारा बहुतेक चाळिशी-पन्नाशीचा माणूस असतो. डोळे लाल, झोप अर्धवट. पुढचं वाक्यही ठरलेलंच. पाणी मागत होती. किंवा काही बोलली नाही, नुसती पाहत होती. किंवा रागात होती, तोंड फिरवून बसली होती. आणि मग खरा प्रश्न येतो, जरा घाबरत घाबरत: "इसका क्या मतलब?"

हा प्रश्न मीही विचारला आहे, म्हणून आज त्यावर लिहितो आहे.

माझी अम्मी फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावतीत गेली. अमरावतीकरांना तो महिना सांगायला नको. बाकी महाराष्ट्राला कोरोना संपल्यासारखा वाटत होता, तेव्हा आपल्याकडे दुसरी लाट आली होती. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद झालं, अकोल्यातही निर्बंध लागले. मी अकोल्यात नोकरीला. शेवटच्या पाच दिवसांत तिच्याजवळ जाता आलं नाही. जनाज्याला मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. त्यानंतर दोन-अडीच महिने काहीच नाही. आणि मग ऐन उन्हाळ्यात ती स्वप्नात यायला लागली. आमच्या जुन्या घराच्या अंगणात, रांजणाजवळ उभी. हातात रिकामा गिलास.

मी जे आधी करायला नको होतं तेच आधी केलं. ख्वाबनामा विकत घेतला.

ख्वाबनामा कुणाचा?

आपल्याकडे ताजनापेठेत असो की इतवाऱ्यात, उर्दू किताबांच्या दुकानात ही पातळ पुस्तकं मिळतात. आता तर मोबाईलवरही मिळतात. साप दिसला तर अमुक, दात पडला तर तमुक, माँ दिसली तर खैर-बरकत, माँ रडताना दिसली तर मुसीबत. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा इमाम इब्ने सीरीन यांचं नाव.

मुहम्मद इब्ने सीरीन हे बसऱ्याचे मोठे ताबिई. हिजरी ११०मध्ये, म्हणजे इसवी ७२९मध्ये त्यांचा इंतकाल झाला. स्वप्नाचा अर्थ सांगण्यात त्यांचा हातखंडा होता, यात शंका नाही. पण त्यांच्या नावानं चालणारं ताबीरचं जाडजूड पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही, असं अभ्यासक सांगतात. ते फार नंतरच्या काळात जमवलेलं संकलन आहे. आज हातात असलेला या विषयावरचा सर्वात जुना अरबी ग्रंथ इब्ने कुतैबा यांचा मानला जातो, आणि ते इब्ने सीरीन यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी वारले.

मग इब्ने सीरीन ताबीर सांगायचे कशी? त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. एक माणूस आला, म्हणाला की मी स्वप्नात अजान देत होतो. ते म्हणाले, तुला हज नसीब होईल. दुसरा आला, त्याचंही तेच स्वप्न. त्याला म्हणाले, तुझा हात चोरीत कापला जाईल. शागीर्द चक्रावले. इमाम साहेबांनी समजावलं: पहिल्याच्या चेहऱ्यावर नेकी दिसली, म्हणून मला सूरह हजमधली हजची हाक आठवली. दुसऱ्याचा रंग ठीक वाटला नाही, म्हणून सूरह यूसुफमधली ती हाक आठवली, ज्यात काफिल्याला चोर म्हणून पुकारलं गेलं. स्वप्न एकच, मतलब दोन. म्हणजे अर्थ पाहणाऱ्या माणसात असतो. दहा रुपयांच्या छापील यादीला तुमचा चेहरा कुठून दिसणार?

एक मजेची गोष्ट बघा. यूनानी भाषेत अर्टेमिडोरस नावाच्या माणसानं इसवीच्या दुसऱ्या शतकात स्वप्नांवर मोठं पुस्तक लिहिलं. नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्ने इसहाक यांनी ते अरबीत आणलं. त्यात असं आहे की आपण आईच्या पोटी पुन्हा जन्म घेतोय असं गरिबानं पाहिलं तर चांगलं, कारण बाळासारखं त्याला कुणीतरी सांभाळील. श्रीमंतानं पाहिलं तर वाईट, कारण बाळाच्या हातात काहीच नसतं, त्याचा कारभार जाईल. आणि आजाऱ्यानं पाहिलं तर मौत, कारण तान्ह्या बाळाला कपड्यात गुंडाळतात तसंच मय्यतलाही. अरबी ताबीरच्या किताबांतही हा अर्थ जवळपास असाच सापडतो. तिथून फारसीत, फारसीतून उर्दूत, उर्दूतून आपल्या हातातल्या पातळ पुस्तकात. म्हणजे जे आपण दीनचं म्हणून वाचतो, त्यातलं कितीतरी दुनियाभरातून जमा झालेलं शहाणपण आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त ते कुरआन-हदीस नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

त्याच यूनानी पुस्तकात स्वप्नातली आई म्हणजे आपली मायभूमी, आपला धंदा-हुन्नर, असंही म्हटलंय. हे वाचून मला हसू आलं. आपल्या वऱ्हाडातला कास्तकार, मग तो पाटील असो की पठाण, कपाशीच्या काळ्या जमिनीला काळी आईच म्हणतो. त्याला कुणी यूनानी वाचून दाखवलं नव्हतं.

इब्ने सीरीन यांच्याबद्दल अजून एक सांगायचं राहिलं, आणि ते आजच्या विषयाला जास्त लागू आहे. ते अम्मीसमोर इतक्या हळू आवाजात बोलायचे की अनोळखी माणसाला वाटावं, हे आजारी आहेत की काय. ताबीरच्या पुस्तकावर त्यांचं नाव छापणाऱ्यांनी ही गोष्टही छापली असती तर बरं झालं असतं.

तीन तऱ्हेची स्वप्नं

हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार आले आहेत. एक, अल्लाहकडून येणारं चांगलं स्वप्न, ज्याला बशारत म्हणतात. दुसरं, शैतानाकडून, माणसाला दुःखी करायला, घाबरवायला. तिसरं, माणसाचं मन दिवसभर स्वतःशी जे बोलत असतं तेच रात्री दिसणं. हा तिसरा प्रकार आपण विसरून जातो. आईचं प्रत्येक स्वप्न वरून आलेला पैगाम असलाच पाहिजे, असं आपण धरून चालतो. चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय की मन स्वतःशीही बोलतं.

वाईट स्वप्न पडलं तर काय करायचं, हेही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अगदी साधं सांगितलं. अल्लाहची पनाह मागावी, डाव्या बाजूला तीनदा हलकंसं थुंकल्यासारखं करावं, कूस बदलावी, वाटलं तर उठून नमाज पढावी. आणि कुणाला सांगू नये. मग ते नुकसान करत नाही. अबू सलमा नावाचे एक ताबिई होते, त्यांना स्वप्नांची इतकी धास्ती बसली होती की अंगात ताप भरल्यासारखं व्हायचं. ही हदीस कळल्यावर त्यांची धास्ती गेली. एका माणसानं तर प्रेषितांना (स.) सांगितलं की माझं मुंडकं कापलं गेलं आणि गडगडत चाललं, मी त्याच्या मागे धावत होतो. प्रेषित (स.) हसले आणि म्हणाले की शैतान झोपेत तुझ्याशी खेळतो, ते लोकांना सांगत बसू नकोस. हे हसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण अशा स्वप्नावर हसत नाही, आपण त्याचा व्हॉट्सअॅप ग्रुपवर मसला करतो.

चांगलं स्वप्न मात्र आपल्यावर प्रेम करणाऱ्याला सांगावं. हजरत यूसुफ (अलै.) यांनी लहानपणी अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यासमोर झुकताना पाहिले तेव्हा ते अब्बांना सांगितलं. आणि हजरत याकूब (अलै.) यांनी लगेच बजावलं, भावांना सांगू नकोस. स्वप्न कुणाला सांगतो यावर बरंच काही ठरतं, हे कुरआनचं पहिलं पान नाही पण रोजच्या कामाचं पान आहे.

या स्वप्नात आई आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अकरा तारे म्हणजे अकरा भाऊ, आणि सूर्य-चंद्र म्हणजे माँ-बाप. काही वर्षांनी मिस्रमध्ये ते खरं झालं, यूसुफ (अलै.) यांनी आई-वडिलांना तख्तावर बसवलं. इथे तफसीर लिहिणाऱ्यांत एक मतभेद आहे. काही म्हणतात, ती त्यांची सख्खी आईच होती. काही म्हणतात, सख्खी आई राहील तर बिनयामीनच्या जन्माच्या वेळीच वारली होती, तख्तावर बसली ती तिची बहीण, म्हणजे यूसुफ (अलै.) यांची खाला. स्वप्नात आईचं चिन्ह आणि प्रत्यक्षात खाला. या गोष्टीकडे मी नंतर येतो.

कोणतं स्वप्न, कोणता अर्थ

हयात असलेली आई स्वप्नात दिसते ती बहुतेक दूर राहणाऱ्यांना. पुण्यात कंपनीत असलेला पोरगा, दुबई-सौदीत गेलेला, नवी लग्न होऊन सासरी आलेली पोरगी. तिथे ताबीर शोधायची गरज नाही, फोन उचलायची आहे. आई मेलेली दिसली म्हणून पोरं घाबरून जातात. आपल्याकडे मराठीत उलटंच म्हणतात, स्वप्नात मेलं की आयुष्य वाढतं. याला दीनमध्ये काही आधार नाही, पण धीर देणारं बोल आहे. शेजारची एखादी आजी असं म्हणाली तर तिच्याशी वाद घालू नये.

वारलेली आई हसरी, स्वच्छ कपड्यात, तब्येतीनं चांगली दिसली तर ताबीर सांगणारे जुने लोक त्याला चांगलं मानतात. आपणही चांगलंच मानावं, अल्लाहचं शुक्र करावं, तिच्यासाठी दुआ करावी. स्वप्नावरून ती जन्नतीत आहे की नाही याचा निकाल कुणी लावू नये. तो आपला अख्त्यार नाही.

आजारी दिसली, पुन्हा तेच इस्पितळ, तोच ऑक्सिजन, असं असेल तर हा अर्थाचा प्रश्नच नाही. ही जखम आहे. २०२१मध्ये ज्यांना शेवटचा चेहरा पाहता आला नाही, मय्यतला हात लावता आला नाही, त्यांच्याकडे हे स्वप्न जास्त येतं, असं माझ्या ओळखीतल्या चार-पाच घरांवरून मी म्हणू शकतो. त्यावर रडलं तर रडू द्यावं. प्रेषितांची (स.) आई, बीबी आमिना, अबवा नावाच्या जागी वाटेतच वारल्या, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. कितीतरी वर्षांनी ते त्या कबरीवर गेले तेव्हा रडले, आणि आजूबाजूचे सगळे रडले. पन्नाशी ओलांडलेला माणूस आईसाठी रडतो यात कमजोरी कसली?

रागावलेली आई, हे स्वप्न माणूस सहसा पूर्ण सांगत नाही. कारण राग कशाचा, हे त्याला माहीत असतं.

आणि पाणी मागणारी आई. हे स्वप्न आपल्या भागात इतकं ऐकू येतं की त्याला वऱ्हाडी स्वप्नच म्हणावं. त्याची एक साधी बाजू अशी: अकोल्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, रात्री लाइट गेलेली, कूलर बंद. तहान झोपणाऱ्यालाच लागलेली असते. मन त्या तहानेला एखादा चेहरा देतं, आणि पाणी म्हटलं की आईशिवाय कुणाचा चेहरा येणार? पण यावरच थांबावं असं मला वाटत नाही. आमच्या शेजारच्या मावशींना मी हे स्वप्न सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माय पानी मांगते म्हनजे तिचं काही राह्यलं असनं रे बापा." त्यांच्याकडे आखाजीला पूर्वजांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. आमची रीत वेगळी, अकीदा वेगळा. पण 'काही राहिलं असेल' हे त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात राहून गेलं.

पहाटेचं स्वप्न आणि डॉक्टरी

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे हिंदू-मुसलमान सगळेच म्हणतात. १९५३मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की झोपेत एक टप्पा असा येतो, ज्यात बंद पापण्यांमागे डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. हे टप्पे रात्रभर येत-जात राहतात, पण पहाटेकडे लांबत जातात. आपण फजरच्या अजानला उठतो तेव्हा अशाच टप्प्यातून उठण्याची शक्यता जास्त. म्हणून पहाटेचं स्वप्न लांबलचक असतं आणि ध्यानातही राहतं. खरं होण्या-न होण्याशी त्याचा संबंध नाही.

२०१४मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात घरचं माणूस गमावलेल्या २७८ लोकांना विचारलं गेलं. त्यातल्या ५८ टक्क्यांनी सांगितलं की गेलेलं माणूस आपल्या स्वप्नात आलं. कुणाला जुन्या आठवणी दिसल्या, कुणाला ते माणूस आजारातून बरं झालेलं दिसलं, कुणाला काही निरोप देताना. नुसतीच त्रासदायक स्वप्नं पडलेले थोडेच निघाले. अकोल्याच्या वऱ्हांड्यात आणि अमेरिकेच्या इस्पितळात लोक एकच गोष्ट सांगतात, फक्त तिथे कुणी त्यांना उतारा करायला सांगत नाही.

उतारा, रूह आणि तीन हजार रुपये

मला सांगितला. नातेवाईकांपैकीच कुणी एका बाबांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, मरहूमाची रूह बेचैन आहे, घरावर कुणी काहीतरी केलंय, सात जुमेरात यावं लागेल. पहिल्या दिवशी तीन हजार. मी शिकलेला माणूस, शाळेत पोरांना विज्ञान शिकवतो, आणि मी तीन हजार काढून दिले. कारण तो माझ्या अम्मीबद्दल बोलत होता. ही माणसं नेमकी तिथेच हात घालतात.

दुसऱ्या जुमेरातीला मी गेलो नाही. घरी बायकोनं सरळ विचारलं, "अम्मी को इनके वास्ते से पानी मिलेगा क्या?" रूह भटकत आपल्या पोरांकडे पाणी मागायला येते, हा आपला अकीदा नाही. आणि भीती घालून पैसे उकळणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तो कुठल्या एका धर्मासाठी नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या बाबांनाही लागू होतो. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

एक अजून. महिनोन्महिने तेच स्वप्न, झोप उडालेली, जेवण-कामात मन नाही, जगून काय करायचं असे विचार, असं असेल तर डॉक्टरांना दाखवावं. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुआ आणि दवा दोन्ही सुन्नतच आहे.

मग करायचं काय?

हाफिज साहेबांनी मला ताबीर सांगितली नाही. त्यांनी मला एकच विचारलं, "बेटा, अम्मी का कुछ बाकी है क्या? किसी का देना?"

मी म्हटलं, नाही. अब्बांनी सगळ्यांचं दिलं.

त्यांनी मग हजरत साबित इब्ने कैस (रजि.) यांची गोष्ट सांगितली. यमामाच्या लढाईत ते शहीद झाले. त्यांची जिरह कुणीतरी उचलून नेली. ते एका सैनिकाच्या स्वप्नात आले, जिरह कुठल्या तंबूत, कोणत्या भांड्याखाली लपवलीय ते सांगितलं, आणि म्हणाले, माझ्यावर इतकं कर्ज आहे, ते खलिफा अबू बक्र (रजि.) यांना सांगा. जिरह तिथेच सापडली. अबू बक्र (रजि.) यांनी ती वसियत पाळली. मौतीनंतर स्वप्नात केलेली वसियत पाळली गेल्याचं दुसरं उदाहरण माहीत नाही, असं जुने आलिम लिहितात. म्हणजे ती गोष्ट अपवाद आहे. स्वप्नावरून कायदा होत नाही, कुणाची मिळकत ठरत नाही, कुणावर चोरीचा आळ घेता येत नाही. पण त्या अपवादातही मरणारा माणूस काय बोलला ते पाहा. पाणी नाही, उतारा नाही. माझं देणं फेडा, एवढंच.

कुरआनमध्ये वारसांचे हिस्से सांगताना ते वसियत आणि कर्ज यांच्या नंतर, असं स्पष्ट आहे. आपण चाळीसावा थाटात करतो, बिर्याणीच्या देगा लावतो, आणि मरहूमाच्या नावची उधारीची वही कपाटात तशीच पडून राहते. आईचं मेहर कधी दिलंच गेलं नव्हतं का, नानांच्या घरातला तिचा हिस्सा मामूंनी दिला का आणि दिला नसेल तर तिनं माफ केला का, तिचे रमजानचे रोजे राहिले का, हजची नियत केली होती का. एक बाई प्रेषितांकडे (स.) आली होती, म्हणाली की माझ्या आईनं हजची मन्नत मानली होती आणि करण्याआधीच गेली. तिला सांगितलं गेलं की आईवर कर्ज असतं तर तू फेडलं असतंस ना, मग अल्लाहचं कर्ज तर फेडण्याचा जास्त हकदार आहे, तिच्याकडून हज कर.

आणि पाण्याचं म्हणाल तर हजरत साद इब्ने उबादा (रजि.) यांची आई वारली तेव्हा ते जवळ नव्हते. माझ्यासारखेच. त्यांनी विचारलं, तिच्या नावानं सदका केला तर तिला पोहोचेल का? उत्तर आलं, हो. त्यांनी आपली बाग दिली. दुसऱ्या रिवायतीत आहे की सर्वात चांगला सदका कोणता असं विचारल्यावर पाणी हे उत्तर मिळालं, आणि त्यांनी विहीर खोदली, म्हणाले, ही सादच्या आईची.

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, शेकडो गावं अशी आहेत जिथे विहीर खोदली तरी पाणी खारट लागतं. लोकांना मूतखडे होतात, किडन्या जातात. तिथे नुसती विहीर खोदून सदका होत नाही. तिथे उर्दू शाळेत पाणी शुद्ध करायचं मशीन, एसटी स्टँडवर चार महिने पाणपोई, कब्रस्तानात एक टाकी आणि तोटी, असं काही लागतं. तीन हजारात उन्हाळाभराची एक छोटी पाणपोई होते. मी हिशेब केला होता, बाबांना देऊन झाल्यावर.

हाफिज साहेबांच्या प्रश्नानं मात्र मला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्या रविवारी अमरावतीला गेलो आणि अम्मीची पेटी उघडली. भिशीची वही सापडली. बारा जणी, महिन्याला हजार. ती अम्मीच चालवायची. दहा हप्ते झाले होते, मग लॉकडाऊन आणि मग अम्मी. दोघींचा नंबर यायचा राहिला होता. एक गल्लीतली बाई, तिनं मागितले, अब्बांनी दिले होते. दुसरं नाव बाळापूरच्या माझ्या खालाचं. तिनं कधी मागितले नाहीत.

ती मागणार तरी कशी. मीच तिच्याशी बोलत नव्हतो. अम्मीच्या मिट्टीला ती आली नाही याचा राग धरून बसलो होतो. सख्खी बहीण, आणि आली नाही. लॉकडाऊन होतं, वय सत्तरच्या घरात, हे सगळं माहीत होतं. तरी.

प्रेषितांनी (स.) खालाला आईच्या जागी म्हटलं आहे. हजरत हमजा (रजि.) यांच्या यतीम मुलीला कुणी सांभाळायचं यावर तीन सहाबींत वाद झाला, तेव्हा ज्या घरात तिची खाला होती ते घर तिला मिळालं. आणि एक माणूस आला होता, म्हणाला की माझ्याकडून मोठा गुनाह झालाय, तौबा आहे का? त्याला विचारलं गेलं, आई आहे? म्हणाला, नाही. खाला आहे? म्हणाला, आहे. मग जा, तिच्याशी चांगला वाग.

अकोल्याहून बाळापूर पाऊण तासाचं अंतर. दोन वर्षांत मी तो रस्ता कितीदा तरी पार केला होता, शेगावला, खामगावला जाताना. बाळापूरला उतरलो नव्हतो.

स्वप्नानं मला वही दाखवली, असं मी म्हणत नाही. वही तिथेच होती, मीच पाहत नव्हतो. माझं स्वप्न तीन प्रकारांपैकी कोणतं होतं, तेही मी ठरवायला गेलो नाही. दहा हजार लिफाफ्यात घालून गेलो. खाला दारातच बसली होती, तांदूळ निवडत. तिनं वर पाहिलं आणि काहीच विचारलं नाही, आत हाक मारली, "अरे कोई पानी लाओ, आपा का बेटा आया है."

लिफाफा तिनं घेतला. मोजला नाही. त्यातले पाच हजार परत माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, बाजीच्या नावानं एसटी स्टँडवर माठ ठेव. रांजण नको, रांजणाला तोटी नसते.